पुढाऱ्यांच्या खांद्यामागे

त्या पुढाऱ्यांचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं की सगळे त्यांच्याविषयीच बोलायला लागतात, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे. त्यांच्या नावाचा रस्ता नाही असं शहर या देशात सापडायचं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. स्वातंत्र्याच्या आधी एकदा ते गिरगावात आमच्या चाळीच्या चौकात येऊन अर्धा तास बसले होते आणि माझ्या आजोबांनी त्या अर्ध्या तासात त्यांचे बारा जोडफोटो काढले. ही गोष्ट लहानपणी मी इतक्या वेळा ऐकली, की ते आमच्याकडे रोज चहालाच यायचे असं मला वाटायचं. आता कुणी ती सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

जोडफोटो म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी समजून घेतलं नाही आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं. आजोबा बंदरावरच्या कचेरीत कारकून होते, फोटोग्राफी हा त्यांचा नाद. त्यांच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं होती, माणसाच्या दोन डोळ्यांत असतं साधारण तेवढ्या अंतरावर. एकदा कळ दाबली की काचेच्या प्लेटवर दोन फोटो शेजारी शेजारी उतरायचे. दिसायला सारखेच, पण एक डाव्या डोळ्यानं पाहिलेला आणि एक उजव्या. मोरीत लाल कापड गुंडाळलेल्या दिव्याखाली आजोबा ते छापायचे, जाड पुठ्ठ्यावर जोडीनं चिकटवायचे. मग एक लाकडी यंत्र होतं, त्याला घरात दुर्बीण म्हणत. तिच्यात कार्ड खोचायचं, दोन्ही डोळे लावायचे आणि थोडं थांबायचं. सपाट चित्र उठून उभं राहायचं. पुढे खुर्ची, खुर्चीत पुढारी, त्यांच्या मागे गॅलरीचा कठडा, त्याच्याही मागे माणसं, ज्याची त्याची जागा वेगळी. एक डोळा मिटला की सगळं पुन्हा सपाट.

माझ्या वडिलांनी आणि काकांनी लहानपणापासून ही दुर्बीण हाताळली होती. तरी त्यांनी ती कार्डं कापली.

आजोबा गेल्यावर काका दादरला स्वतःच्या जागेत राहायला जायला निघाले तेव्हा दोन भावांत वाटणी झाली. भांडण नव्हतं. आमच्याकडे भांडण कधीच नसायचं, हीच तर खोड. भांडी, पाट, भिंतीवरचं घड्याळ, देवांतला गणपती, सगळ्याचे दोन-दोन वाटे करून त्यांवर चिठ्ठ्या टाकल्या. राहिली ती बारा कार्डं. सहा-सहा घ्यावीत तर चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं असा प्रश्न आला. एका कार्डावर पुढारी हसतात, ते कुणाला द्यायचं? तेव्हा काका म्हणाले, "प्रत्येक कार्डावर दोन-दोन सारखेच फोटो आहेत ना? मग मधोमध कापू या. तुझ्याकडे बारा, माझ्याकडे बारा. कुणाच्या मनात काही राहायला नको." वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा समजूतदार भाऊ! शेजारपाजारच्यांनीही काकांचं कौतुक केलं.

काका छापखान्यात होते. त्यांनी ती कार्डं तिथल्या कागद कापायच्या मोठ्या मशीनवर कापून आणली. नुसती मधून नाही कापली, चारही बाजू तासून घेतल्या, गोल कोपरे उडवले, मागे नंबर घातले. चोवीस फोटो, दोन गठ्ठे, एक केसभर वाकडा काप नाही. चिठ्ठी घरातल्या लहानानं उचलायची म्हणून मला बोलावलं. मी अकरा वर्षांची होते. मी चिठ्ठी उचलली, मला पेढा मिळाला आणि मी तो खाल्ला. दुर्बीण आमच्या वाट्याला आली, कारण काका म्हणाले, "आता ती काय कामाची?" हे वाक्य बोलताना ज्याला काही खटकलं नाही त्या माणसाला मी आयुष्यभर हुशार समजत होते.

वाटणीच्या वेळी आत्याला कुणी बोलावलं नाही. वडिलांची आणि काकांची ही एकुलती थोरली बहीण, लग्न होऊन परळला भोईवाड्यात गेलेली. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लेकीला साडीचोळी दिली की झालं.

ही आत्या दर भाऊबीजेला यायची. ओवाळून झालं, फराळ झाला, की म्हणायची, "दुर्बीण काढ गं जरा." मग खिडकीशी बसून एकच कार्ड कितीतरी वेळ बघायची. वडील चेष्टा करायचे, "आमची ताई म्हणजे पक्की देशभक्त! पुढाऱ्यांवरून नजर हलत नाही तिची." सगळे हसायचे. आत्याही हसायची. वाटणीनंतरच्या भाऊबीजेला तिनं दुर्बीण मागितली तेव्हा वडिलांनी मोठ्या कौतुकानं तो अर्धा फोटो खोचून दिला. तिनं डोळे लावले, फोटो काढून पालथा करून पाहिला, पुन्हा सरळ केला. मग "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. त्यानंतर तिनं दुर्बीण कधी मागितली नाही. आम्हांला वाटलं, तिची आवड संपली.

आता आत्यानं नव्वदी गाठली आहे. मुलगा-सून नोकरीवर असतात, म्हणून दवाखान्याचं काम माझ्याकडे. मी रिटायर झालेली, लग्न न केलेली, म्हणजे घराण्यातल्या सगळ्यांच्या मते रिकामी. यंदा पावसाळा सरल्यावर तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, स्पष्ट बोलल्या, की उजवा डोळा थेंबांवर टिकेल, डावा आता फार दिवस साथ देणार नाही. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका डोळ्यानं दुर्बीण दिसते का हो?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मलाही नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "नऊ नंबरचं कार्ड मला एकदा जोडून देशील?"

"कशाला गं?"

"त्यांच्या खांद्यामागे माझी आई आहे."

मला आधी अर्थच लागेना. मी जिला आजी म्हणत मोठी झाले ती आजोबांची दुसरी बायको. पहिली होती हे ऐकून माहीत होतं, पण तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. पुढारी येऊन गेल्यावर चार महिन्यांतच ती गेली, तेव्हा आत्या सहा वर्षांची होती, माझे वडील दोन वर्षांचे आणि काका दोन महिन्यांचे. तिचा चेहरा आठवणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचं. मी एकदा वडिलांना विचारलंही होतं, की आजोबांनी एवढे फोटो काढले मग पहिल्या आजीचा एकही कसा नाही. "प्लेटा महाग असायच्या गं तेव्हा," वडील म्हणाले होते. पुढाऱ्यांसाठी बारा प्लेटा निघाल्या. बायकोसाठी एक निघाली नाही.

"आणि तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी बाकावरच ओरडले. शेजारचे पेशंट बघायला लागले. "कापायच्या आधी नाही तर निदान नंतर?"

"कापल्यावर काय बोलायचं? आणि आधी मला विचारलं कुणी?"

चिठ्ठी मीच उचलली होती.

घरी येऊन कपाट उघडलं. आमची चाळ पडून तिथे टॉवर झाला, आम्ही बाविसाव्या मजल्यावर गेलो, पण वडिलांच्या वाट्याचे बारा अर्धे फोटो त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. इतकी वर्षं मी ते फेकले नाहीत, याचंच मला कौतुक होतं. नऊ नंबरचा काढून भिंगाखाली धरला. पुढारी खुर्चीत, हातात काठी. त्यांच्या खांद्याच्या मागे, कठड्यापाशी, एक कान दिसत होता. कानात मोत्यांची कुडी. बस्स. बाकीचा चेहरा पुढाऱ्यांच्या डोक्याआड. माझ्या सख्ख्या आजीचा मी पाहिलेला पहिला भाग म्हणजे तो कान.

मग लक्षात आलं. दुसऱ्या भिंगातून, चार बोटं बाजूनं, ती जास्त दिसली असणार. चेहरा असेल तर तो काकांच्या अर्ध्यात. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा दादरला हिंदू कॉलनीत असतो, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला लगेच फोन केला.

"ताई, काय टायमिंग आहे तुझं!" तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आपलं एक्झिबिशन आहे. त्या फोटोंचंच. तू यायचंच हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात उभी. हॉलमध्ये भिंतीला टेकवून बारा फ्रेमा ठेवलेल्या. सोनेरी पट्टी, आत मखमली पुठ्ठा, पुठ्ठ्याला लंबगोल खिडकी आणि खिडकीत पुढारी. नुसते पुढारी, छातीपासून वर. मी नऊ नंबरची फ्रेम उचलली.

"हिच्यातला फोटो मला पाहिजे. पूर्ण."

"पूर्णच आहे की."

"खिडकीबाहेरचा भाग म्हणते मी. पुठ्ठ्याखालचा."

"तो नाही गं आता. फ्रेमवाला म्हणाला, जुना पुठ्ठा वाकलाय, ओव्हल कापूनच चिकटवावं लागेल. बरंच झालं. मागे कोणीतरी बाई होती, डिस्टर्ब करत होती फोटोला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! एरवी मी आवाज चढवते, त्या दिवशी मात्र तो खाली गेला.

"ती कोणीतरी बाई तुझी आजी होती. तुझ्या बापाची आई. तो फोटो काढला तेव्हा तुझा बाप तिच्या पोटात होता."

त्यानं माझ्या हातातून फ्रेम घेऊन पालथी करून पाहिली. मग म्हणाला, "पण ताई, मला कसं कळणार? कुणी सांगितलंच नाही." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला आणखी राग आला. मग त्यानं पुढचं वाक्य उच्चारलं, "आणि तसंही लोक काय तिला बघायला येणार आहेत का?" त्यानंतर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली आणि तशीच परत गेली.

शेवटी त्याच्याकडून एवढं निघालं, की फ्रेमवाल्याकडे देण्याआधी बॅनरसाठी सगळे फोटो लालबागला एका फ्लेक्सवाल्यानं स्कॅन केले होते. "पण त्यानं ठेवलेत की नाही, काय माहीत," असंही तो म्हणाला. मी चपला घातल्या.

बॅनर शोधायला लागला नाही. लालबागच्या पुलाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला चुकवता येणार नाही असा टांगला होता. नऊ नंबरचाच फोटो. पुढाऱ्यांना रंग दिलेला, गाल गुलाबी, काठी तपकिरी, मागे चौकाच्या जागी निळं आभाळ. बाजूला आमच्या घराण्याचा गौरवशाली वारसा वगैरे. खाली कोपऱ्यात माझ्या चुलतभावाचा फोटो, कोट घातलेला. आणि पुढाऱ्यांच्या खांद्यामागे, बरोबर त्याच जागी जिथे कुडीचा कान होता, प्रदर्शनाला हॉल मिळवून देणाऱ्या माजी नगरसेवकाचा हात जोडलेला हसरा चेहरा. आयत्या बिळावर नागोबा. माझी आजी जिथे उभी होती तिथे हा बुवा दात काढून उभा होता. मी भररस्त्यात त्याला शिव्या दिल्या. फुलवाली म्हणाली, "काय झाला काकी?" तिला सांगून काय उपयोग होता?

फ्लेक्सवाल्याचं दुकान आतल्या गल्लीत. पन्नाशीचा माणूस, टेबलावर दोन कॉम्प्युटर, मागे मशीनवर कुणाच्या तरी बारशाचा बॅनर सरकत होता. मी तयारीनिशी आत गेले होते.

"तो पुलाखालचा बॅनर तुम्ही केलात?"

"होय. कायतरी चुकला काय त्याच्यात?"

"त्या फोटोतल्या बाईला कुणी काढलं?"

तो गडबडला. "म्याच काढलंय. गिऱ्हाईक बोलला, बॅकग्राउंड साफ करा आणि साहेबांना मागे बसवा. आम्ही काय, सांगतील तसा करतो, ताई."

"ती माझी आजी होती. तिचा दुसरा फोटो नाही. एकही नाही."

तो खुर्ची ओढून बसला आणि कॉम्प्युटरवर फोल्डर उघडायला लागला. एक उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. हे माणसाचं दुकान आहे, आठवड्याला शंभर बॅनर जात असतील, ठेवलं असेल कशाला, असं मनात येत होतं. तोपर्यंत तो म्हणाला, "ओरिजनल मी कधी डिलीट करत नाय. पब्लिकचा भरवसा नाय. आज बोलतात काढा, उद्या येऊन बोलतात पहिल्यासारखा करा." आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

अर्धा चेहरा होता. कपाळावर आडवं कुंकू, एक डोळा, नाकाची एक बाजू, त्यात नथ नाही, साधी चमकी. ओठ किंचित उघडे. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, खाली कुठंतरी बघत होती. त्यानं मोठा केला तेव्हा डोळ्याचे ठिपके झाले, म्हणून परत लहान केला. कुणाचा चेहरा कुणासारखा आहे ते मला कधी ओळखू येत नाही, पण तो डोळा आत्याचा होता. मला रडू आलं नाही. मला आजोबांचा असा राग आला की ते समोर असते तर मी त्यांचा कॅमेरा आपटला असता. इतकी समोर उभी होती ती, आणि तुम्हांला खुर्चीतलाच माणूस दिसला?

फ्लेक्सवाल्यानं आमचा अर्धा फोटो पट्टीनं मोजला आणि बरोबर त्याच मापाचा, त्याच करड्या रंगाचा प्रिंट काढून दिला. पहिला फिकट आला म्हणून दुसरा, दुसरा एका बाजूला सुताभर कमी म्हणून तिसरा. निघताना म्हणाला, "आजीक माझा सॉरी सांगा." आजी जाऊन जमाना झाला होता, पण मी सांगते म्हणाले. सगळ्या प्रकरणात सॉरी म्हणणारा तो एकटाच.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर पुठ्ठा कापून घेतला. दोन्ही फोटो समोर ठेवले आणि तिथे अडले. डावा कोणता, उजवा कोणता? मूळ कार्डाचे बाहेरच्या बाजूचे गोल कोपरे शाबूत असते तर लगेच कळलं असतं, पण ते छापखान्यात उडाले होते. काकांनी नंबर घातले, बाजू लिहिली नाही. आमच्या घरात उजवं ते थोरल्याचं, पंगतीतही आणि पूजेतही. वडील थोरले, म्हणजे आमच्या गठ्ठ्याला उजवाच भाग लागला असणार, असं मी धरून चालले. चिठ्ठी मी स्वतः उचलली होती, चिठ्ठीला थोरला-धाकटा कळत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आमचा उजवीकडे चिकटवला, काकांचा डावीकडे. दुर्बीण पुसून ठेवली, पण आत डोकावले नाही. पहिली नजर आत्याची, असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोईवाड्याला गेले तर चुलतभाऊ आधीच जिन्यात हजर. फ्लेक्सवाल्याकडून त्याला सगळं कळलं होतं. "आत्याला भेटून किती दिवस झाले," म्हणाला. हातात मोबाइल तयार होता. आत्या दुर्बिणीतून बघतेय असा छोटा व्हिडिओ त्याला प्रदर्शनात लावायचा होता. पुढाऱ्यांना प्रत्यक्ष पाहिलेली नव्वद वर्षांची आजी! मी त्याला जिन्यातच अडवलं असतं, पण आत्या म्हणाली, "येऊ दे. त्याचीही आजीच ती."

तिला खिडकीशी बसवलं. चष्मा काढला. दुर्बीण दोन्ही हातांनी धरता येईना, म्हणून मी खालून आधार दिला. ती बघत राहिली. डावा डोळा गेला की काय, आपण उशीर केला की काय, या विचारानं मी दुर्बीण जरा वर-खाली करून पाहिली.

"थांब, हलवू नकोस," ती म्हणाली. मग डोळे आणखी जवळ नेत, "अगं, ही पुढे आलीय."

"पुढे म्हणजे?"

"बघ की."

मी डोळे लावले. आधी नुसता गोंधळ दिसला. मग चित्र बसलं आणि मी दचकले. कठडा पुढे आला होता. खुर्ची मागे, खोल गेली होती, आणि पुढारी भिंतीतल्या कोनाड्यात बसवल्यासारखे आत. आणि सगळ्यांच्या पुढे, हात लांब केला तर लागेल एवढ्या जवळ, कुंकू, डोळा, चमकी, कुडी. बाकी कुणी नाही.

माझ्या हातून काय झालं ते मला कळलं. मी बाजू उलट्या चिकटवल्या होत्या. डाव्या डोळ्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला, म्हणून जवळचं लांब गेलं आणि लांबचं जवळ आलं. एवढी धावाधाव, एवढी भांडणं करून शेवटी मीही घराण्याला शोभेल अशीच चूक केली. मला स्वतःची लाज वाटली.

चुलतभावानं दुर्बीण घेतली आणि लगेच म्हणाला, "ताई, लेफ्ट-राइट उलटं लावलंयस. मी वाचलंय नेटवर. आत्या, हे चुकलंय हां, खरं असं नव्हतं. ते पुढे आहेत, ती मागे."

"दे," आत्या म्हणाली. दुर्बीण परत डोळ्यांना लावली आणि लावूनच बोलायला लागली. "खरं कसं होतं ते मला नको सांगूस रे. मी तिथे होते. ती पुढेच उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन, त्यांच्या खुर्चीपाशी. बाबांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि चारचौघांत ओरडले, पोट दिसतंय, मागे हो. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि गेली मागे. मी पुढेच राहिले, कॅमेऱ्याच्या पायाशी, तांब्या घेऊन. तिथून ती माझ्याकडे बघत होती."

चुलतभावानं मोबाइल खिशात घातला. काहीतरी करायचं म्हणून मी कार्डाला हात घातला आणि म्हणाले, "दे आत्या, सोडवून नीट लावून देते."

तिनं दुर्बीण माझ्यापासून बाजूला घेतली.

"असू दे. मागे हो म्हणणारं आता कुणी उरलं नाही."